गुलमर्गला अल्पाइन स्कीइंगच्या मोठ्या शर्यती भरवायच्या तर नेमकं काय लागेल?

सह्यवेडा (नाशिक)

नमस्कार मंडळी,

2025 च्या मार्चमध्ये गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स करून आलो. आमचा कोर्स चालू असतानाच वर कोंगडोरीला, म्हणजे गोंडोलाच्या (केबल कारच्या) मधल्या स्टेशनला, खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेच्या अल्पाइन, म्हणजे डोंगरउतारावरून खाली येण्याच्या शर्यती झाल्या. त्या खरं तर 22 ते 25 फेब्रुवारीला व्हायच्या होत्या, पण बर्फच पुरेसा नव्हता म्हणून पुढे ढकलल्या आणि 9 ते 12 मार्चला घेतल्या. एका दिवशी आमच्या इन्स्ट्रक्टरने आम्हाला गोंडोलाने वर नेलं आणि जाळीच्या बाहेर उभं केलं. जायंट स्लॅलम, म्हणजे रोवलेल्या गेटांमधून वळणं घेत उतरायची शर्यत, चालू होतं. टीव्हीवर बघताना उतार किती उभा असतो ते कळतच नाही. वरून खेळाडू येताना आधी फक्त आवाज ऐकू येतो, स्कीच्या कडा बर्फात घासल्याचा. मग लाल-निळ्या गेटांमधून तो दिसतो आणि आपण मान वळवेपर्यंत खाली पोचलेला असतो. दोन दिवस माझ्या डोक्यातून ते जात नव्हतं.

तर प्रश्न असा. 2036 च्या ऑलिंपिकसाठी आपल्या देशाने इच्छापत्र दिलंय. मग हिवाळी स्पर्धा का नको? निदान आशियाई हिवाळी स्पर्धा? गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावरचं गोंडोला स्टेशन 3,950 मीटरच्या आसपास आहे, गुलमर्ग 2,650 वर. म्हणजे उंचीतला फरक 1,300 मीटर. पुरुषांच्या ऑलिंपिक डाउनहिलला, म्हणजे सगळ्यात वेगवान शर्यतीला, 800 ते 1,100 मीटर लागतात असं वाचलं. डोंगर आहे, गोंडोला आहे, चांगल्या वर्षी छातीएवढा बर्फ आहे. कोर्सवरच्या एका मित्राचं म्हणणं, पैसे ओतले की पाच वर्षांत होईल. दुसरीचं म्हणणं, पन्नास वर्षांत होणार नाही. मला दोघांचंही पटत नाही. कुणी अशा स्पर्धेच्या आत काम केलंय का? तिथे नेमकं काय लागतं?

तासगावची लेक (स्क्वामिश, कॅनडा)

सह्यवेडा, तू जाळीच्या बाहेर उभा होतास, मी आतल्या बाजूला काम केलंय, म्हणून लिहिते. जरा लांबेल.

मी मूळची तासगावची, पेशाने लॅब टेक्निशियन. व्हँकुव्हर आणि व्हिस्लरच्या मधल्या गावात राहते. 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये अल्पाइनच्या सगळ्या शर्यती व्हिस्लरच्या क्रीकसाइड बाजूला झाल्या, आणि ट्रॅक तयार करणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये मी होते. व्हिस्लरमध्ये 'वीझल वर्कर्स' नावाची एक जुनी फळी आहे. पुरुषांच्या डाउनहिल ट्रॅकवर वीझल नावाचा एक उभा टप्पा आहे, त्यावरून ते नाव पडलं. शर्यत असली की सुतार, नर्स, हॉटेलवाले, निवृत्त शिक्षक, सगळे फावडी घेऊन हजर. माझ्या शेजारणीने मला त्यात ओढलं.

आधी एक गोष्ट सांगते, जी डोंगरावर राबल्याशिवाय पटत नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री बर्फ पडणं ही वाईट बातमी असते. पर्यटकाला जो मऊ, गुडघाभर बर्फ हवा असतो, तो शर्यतीला अजिबात चालत नाही. शर्यतीला लागतो दगडासारखा कडक, सपाट, वरपासून खालपर्यंत एकसारखा बर्फ. कारण पहिल्याने उतरणाऱ्याला आणि चाळिसाव्याने उतरणाऱ्याला शक्य तितका सारखाच ट्रॅक मिळायला हवा. मऊ बर्फात पहिले दहाजण गेले की वळणावळणावर चर पडतात, आणि मागून ताशी शंभरच्या वेगाने येणाऱ्याची स्की त्या चरात अडकली की गुडघा गेलाच म्हणून समज. त्यामुळे आम्ही बर्फावर पाणी मारतो, दाबतो, गोठवतो, पुन्हा खरवडतो. क्रिकेटचं पीच जसं पाणी मारून, रोलर फिरवून बनवतात तसाच हा प्रकार, फक्त हे पीच तीन किलोमीटर लांब आणि डोंगराच्या कड्यावर असतं.

व्हिस्लरच्या त्या ट्रॅकला डेव्ह मरे डाउनहिल म्हणतात. सुरुवात 1,678 मीटरवर, शेवट 825 वर, लांबी 3,105 मीटर. पुरुषांची डाउनहिल 13 फेब्रुवारीला, म्हणजे उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी होती. आम्ही पहाटे अंधारात लिफ्टखाली रांगेत उभे, कपाळावर दिवा, पाठीला फावडं. वरच्या भागात ओला, जड बर्फ पडत होता आणि आम्ही होतो त्या खालच्या भागात चक्क पाऊस. आमच्या तुकडीचं काम होतं घसरत बर्फ साफ करणं. स्की उताराला आडव्या धरायच्या, कडा रोवायच्या आणि एकामागे एक तिरक्या रांगेत हळूहळू खाली घसरायचं, म्हणजे पहिल्याने खरवडलेला बर्फ दुसऱ्याने आणखी बाहेर ढकलायचा, असं करत तो कडेच्या जाळीपर्यंत न्यायचा. खाली पोचलो की पुन्हा लिफ्टने वर. तोवर वरून नवीन पडलेलाच असतो. हात भरून येतात, मांड्या थरथरतात, हातमोजे पिळले तर पाणी निघतं. आणि जाळ्या! त्यांच्या पायथ्याशी बर्फ साचला की जाळीची उंची तेवढी कमी होते, म्हणून प्रत्येक खांबाजवळ खणून ती पुन्हा वर ओढावी लागते. प्रेक्षकाला जाळी दिसते ती पार्श्वभूमीसारखी. मला ती माणसाचा जीव वाचवणारी वस्तू म्हणूनच दिसते.

एवढं करूनही त्या दिवशी शर्यत झाली नाही. खालचा थर मऊ पडला होता, सुरक्षित नव्हता. पंचांनी ती सोमवारी, 15 तारखेला ढकलली. बायकांच्या सरावफेऱ्याही वारंवार रद्द होत होत्या, आणि डाउनहिलला किमान एक अधिकृत सरावफेरी झाल्याशिवाय शर्यत घेताच येत नाही. म्हणजे एक दिवस हुकला की पुढचं सगळं वेळापत्रक कोसळायला लागतं. सोमवारी मात्र रात्रीच्या थंडीने ट्रॅक धरला. स्वित्झर्लंडचा दिदिए देफागो 1 मिनिट 54.31 सेकंदांत खाली आला. नॉर्वेचा स्विंडाल फक्त सात शतांश सेकंदांनी मागे, अमेरिकेचा बोडी मिलर नऊ शतांशांनी. सात शतांश म्हणजे त्या वेगात दोन मीटरसुद्धा नाहीत. आता विचार कर, आमच्यातल्या एकाने एखाद्या वळणावर फावडंभर बर्फ राहू दिला असता तर. हे काम करताना प्रत्येकाच्या मनात तेच असतं, कुणी बोलून दाखवत नाही.

व्हिस्लर काही नवखं ठिकाण नव्हतं बरं. तिथे सत्तरच्या दशकापासून शर्यती होत आल्यात. तरी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात धुकं आणि बर्फामुळे तिथली विश्वचषकाची डाउनहिल लागोपाठ तीन वर्षं रद्द करावी लागली होती. तिथलं धुकं विचित्र, शिखर मोकळं, पायथा मोकळा आणि मधेच ढगाचा पट्टा. खेळाडूला पुढचं गेट दिसत नसेल तर सोडता येत नाही. अनुभव असलेल्या डोंगराची ही गत.

आणि तिकडे सायप्रस माउंटनला, जिथे स्नोबोर्ड आणि फ्रीस्टाइल होतं, बर्फच नव्हता. उतारावर गवताच्या पेंढ्या रचून त्यावर ट्रकने आणि हेलिकॉप्टरने आणलेला बर्फ पसरला. उभं राहून बघायची 28,000 तिकिटं रद्द करावी लागली, कारण प्रेक्षकांनी उभं राहायची जागाच वितळून गेली होती. एकाच स्पर्धेत, एकाच आठवड्यात, एका डोंगरावर ओल्या, मऊ बर्फामुळे शर्यत पुढे ढकललेली आणि दुसऱ्यावर बर्फ नाही म्हणून तिकिटं रद्द.

आता तुझा 1,300 मीटरचा हिशेब. तो गोंडोलाच्या केबलचा आहे. ट्रॅकला लागते एकसलग उतराई, तीसेक मीटर रुंद, मधे सपाट पट्टा नाही, विंच लावलेलं ग्रूमर, म्हणजे बर्फ दाबून सपाट करणारं यंत्र, चढू शकेल असा पाया, आणि शेवटी थांबायला मोठं मोकळं मैदान. जगात या एका गोष्टीपायी केवढे खटाटोप झालेत! 1984 ला साराजेव्होत बियेलाश्नित्सा डोंगर 800 मीटरच्या नियमाला नऊ मीटर कमी पडला, तर त्यांनी शिखरावर इमारत बांधली आणि तिच्यातून डाउनहिलची सुरुवात केली. 1998 ला नागानोच्या वेळी हाकुबामध्ये उलटं झालं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला सुरुवात 1,800 मीटरवर हवी होती, जपानी आयोजक राष्ट्रीय उद्यानाच्या संरक्षित पट्ट्यात शिरायला तयार नव्हते, ते 1,680 वर अडून बसले. वर्षानुवर्षं वाद चालला आणि स्पर्धेला दोन-अडीच महिने उरले असताना 1,765 वर तडजोड झाली. मला त्या जपानी आयोजकांचं फार कौतुक वाटतं. जंगलाचा नियम आपणच मोडायचा नाही, पाहुणे कितीही मोठे असोत.

गुलमर्गला मी एकदा येऊन गेलेय, फक्त पर्यटक म्हणून, त्यामुळे वरच्या उताराबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणकार कुणीतरी सांगावं.

निवृत्त सुभेदार (वाई)

ताई, छान लिहिलंत. वरच्या उताराचं मी सांगतो. नोकरीतली काही वर्षं गुलमर्गला काढलीत. तिथे लष्कराचं हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, 1948 साली स्की स्कूल म्हणून सुरू झालेलं. सिव्हिल लोकांची स्कीइंगची संस्था त्यानंतर वीस वर्षांनी, 1968 ला आली.

कोंगडोरीच्या वर अफरवटचा जो उतार आहे तो बघायला सुंदर आणि स्वभावाने वाईट. वारा पलीकडून बर्फ उचलतो आणि अलीकडच्या खळग्यात आणून रचतो. वरून गुळगुळीत दिसतं. आत थर सुटा असतो. एक माणूस चुकीच्या जागी गेला की सगळी ढाल सुटते. फेब्रुवारी 2010 मध्ये, ताई तुमची ऑलिंपिक सुरू व्हायच्या चार दिवस आधी, 8 तारखेला, गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग कुरणात हिमस्खलन झालं आणि ट्रेनिंगवरचे आमचे जवान त्यात गेले. ती तारीख आम्ही विसरत नाही. 22 फेब्रुवारी 2024 ला पुन्हा अफरवटला झालं, एक रशियन स्कीअर दगावला. तेव्हा खाली खेलो इंडियाच्या स्पर्धा चालू होत्या.

म्हणून वरून खालपर्यंत 1,300 मीटरचा ट्रॅक हा विचार सोडा. तिथे रोज पहाटे स्फोट करून साचलेला बर्फ पाडायला हवा, पक्के अडसर हवेत, गस्त हवी. आज गस्तीचं पथक आहे, चांगलं काम करतं, पण ते पर्यटकांसाठी. डाउनहिलची शर्यत म्हणजे शंभर-दीडशे माणूस दिवसभर उतारावर उभा. एवढी माणसं खळग्याखाली उभी करणारा कमांडर मी तरी बघितला नाही. शिवाय वारा वाढला की वरचा गोंडोला बंद होतो. खेळाडू वर पोचणार कसे?

कोंगडोरी ते गुलमर्ग हा पट्टा वेगळा. तिथे धोका कमी. पण उतराई चारशे मीटरच्या आसपास, आणि कडेला देवदार-फरचं जंगल. ते अभयारण्य आहे, कस्तुरीमृगाचं.

माणसांबद्दल मात्र कुणी शंका घेऊ नये. गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गची पोरं चालायला लागली की घसरायला शिकतात. लाकडाच्या फळ्या पायाला बांधून शिकलेली पोरं मी बघितलीत. अशा पोरांना एक हिवाळा शिकवा, ताईंच्या तुकडीच्या तोडीस तोड उतरतील.

जलरेषा (पुणे)

मी पाण्याच्या क्षेत्रात काम करते, स्की कधी पायात घातली नाही. पण बर्फाचा हिशेब कुणी मांडला नाही म्हणून लिहिते.

आता मोठ्या शर्यती आभाळाच्या भरवशावर कुणी घेत नाही. 2022 च्या बीजिंग स्पर्धेत यानचिंगचा ट्रॅक जवळजवळ पूर्णपणे यंत्राने केलेल्या बर्फाचा होता, कारण तिथे हिवाळ्यात थंडी कडक पण बर्फ नगण्य. यंत्राचा बर्फ नैसर्गिकपेक्षा घट्ट असतो, त्यामुळे तसाही शर्यतीला तोच बरा पडतो. तीन किलोमीटर लांब, चाळीस मीटर रुंद, एक मीटर जाड थर धरला तर 1,20,000 घनमीटर बर्फ झाला. एक घनमीटर पाण्यातून साधारण दोन ते अडीच घनमीटर असा बर्फ होतो. म्हणजे पाच-सहा कोटी लिटर पाणी, तेही एका ट्रॅकचं, आणि ते कडाक्याच्या थंडीत, झरे आटलेले असताना, डोंगरावर चढवायचं. त्यासाठी उन्हाळ्यातच भरून ठेवलेलं तळं, पंप, जमिनीखालून नळ आणि अखंड वीज हवी. हवा कोरडी असेल तर शून्याच्या जरा वरही यंत्र चालतं, दमट असेल तर उणे तीन-चारपर्यंत वाट बघावी लागते. गुलमर्गच्या रात्री थंड असतात, तिथे थंडीची अडचण नाही. पाण्याची आणि विजेची आहे.

उत्तराखंडातल्या औलीचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी तिथे उतार घडवला, बर्फाची यंत्रं आणली. तरी 2023 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी रद्द करायची वेळ आली. त्याच जानेवारीत खाली जोशीमठला घरांना तडे जाऊन लोक बाहेर पडत होते. अशा डोंगरावर पुढचं काही बांधायचं तर आधी भूगर्भवाल्यांना विचारा, मग क्रीडा खात्याला.

आणि लोकांना विचारा. 1976 ची हिवाळी ऑलिंपिक कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला दिली होती. 1972 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी खर्चाला जवळजवळ 60 टक्के मतांनी नकार दिला आणि स्पर्धा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला गेली, जिथे 1964 ची सगळी व्यवस्था उभीच होती. दक्षिण कोरियात 2018 साठी गारीवांग डोंगरावरचं जुनं संरक्षित जंगल तोडून डाउनहिलचा ट्रॅक केला, नंतर जंगल परत लावू या बोलीवर. स्पर्धा संपल्यावर गावकरी म्हणाले, गोंडोला तरी ठेवा, आम्हाला पोटाला तेवढंच उरलंय. दोन्ही बाजूंचं बरोबर होतं, आणि हजारो झाडं गेली ती गेलीच. गुलमर्गच्या अभयारण्यात मला हे व्हायला नको आहे.

सह्यवेडा (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. सुभेदार काका, 8 फेब्रुवारीचं वाचून थांबलो. खिलनमर्गला आम्ही फोटो काढत फिरलो होतो, कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे डाउनहिल नाही, हे समजलं. पण मग काहीच नाही का? कोंगडोरीला ज्या शर्यती मी बघितल्या त्या खऱ्याच होत्या ना? आणि तिथलाच स्कीअर आरिफ खान तिथूनच 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकला पोचला. तासगावच्या ताई, सुरुवात कुठून करायची असते?

तासगावची लेक (स्क्वामिश, कॅनडा)

काहीच नाही असं कोण म्हणतंय! सुभेदारसाहेबांनी दिलेला चारशे मीटरचा आकडा मला फार आशेचा वाटला.

अल्पाइनमध्ये चार मुख्य प्रकार. डाउनहिल आणि सुपर-जी हे वेगाचे, स्लॅलम आणि जायंट स्लॅलम हे वळणांचे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्लॅलमला 180 ते 220 मीटर उतराई लागते, बायकांच्या त्याहून थोडी कमी, आणि जायंट स्लॅलमला 300 पासून पुढे. म्हणजे कोंगडोरीच्या खालचा पट्टा वळणांच्या शर्यतींना पुरतो. ऑलिंपिकच्या दर्जाच्या, आंतरराष्ट्रीय गुण मिळणाऱ्या शर्यती तिथे दरवर्षी घेता येतील, जंगलाला हात न लावता, आहे त्या मोकळ्या उतारावर. ट्रॅक तुकड्यातुकड्याने नीट केला, दोन्ही कडांना पक्क्या जाळ्या लावल्या आणि महासंघाच्या तज्ज्ञाकडून उतार प्रमाणित करून घेतला की दार उघडतं.

हे गुण फार महत्त्वाचे, लोकांच्या लक्षात येत नाही. ऑलिंपिकला पात्र व्हायला गुण लागतात आणि ते प्रमाणित शर्यतींमधूनच मिळतात. भारतातली मुलं त्यासाठी युरोपात, इराणात, दुबईच्या बंद हॉलमध्ये जाऊन शर्यती खेळतात. आरिफच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान होतं, घराच्या दारात बर्फ होता, तरी त्याला गुणांसाठी परदेशांत फिरावं लागलं. हिमाचलच्या आँचल ठाकूरने 2018 मध्ये ब्राँझ मिळवलं, तेही तुर्कस्तानात. तिकिटं, हॉटेल, स्की, सगळा खर्च घरचा नाहीतर कुणाच्या तरी दारात उभं राहून. गुलमर्गला वर्षाला अशा चार-पाच शर्यती झाल्या तर मनालीच्या, औलीच्या, लडाखच्या पोरांना घरच्या जेवणावर गुण मिळतील. मला विचारशील तर यजमानपदाचं खरं काम हे आहे. उद्घाटनाचा सोहळा नंतर.

आरिफचीच एक गोष्ट सांगते. 13 फेब्रुवारी 2022, यानचिंग, पुरुषांचं जायंट स्लॅलम. जलरेषाने लिहिलं तसा सगळा ट्रॅक यंत्राच्या बर्फाचा, आणि नेमका त्या दिवशी आभाळातून भरपूर बर्फ पडला. समोरचं दिसेना. ट्रॅकवरचे लोक खरवडून खरवडून थकले, दुसरी फेरी उशिरा सुरू झाली. ऐंशीहून जास्त खेळाडू उतरले, शेवटपर्यंत पोचले 46. आरिफ पंचेचाळिसावा. पेपरात लोकांनी 45 हा आकडा वाचला आणि पान उलटलं. मी घरी टीव्हीपुढे उभी राहून टाळ्या वाजवल्या, कारण तसल्या उजेडात, तसल्या ट्रॅकवर दोन्ही फेऱ्या पूर्ण करणं काय असतं ते मला माहीत आहे. जवळजवळ निम्मे लोक बाहेर गेले होते, त्यात कितीतरी युरोपातले.

आणि सगळं एकाच डोंगरावर व्हायला हवं हा हट्टही आता राहिलेला नाही. 2026 च्या फेब्रुवारीतलं मिलान-कोर्टिना ऑलिंपिक घे. पुरुषांच्या अल्पाइन शर्यती बोर्मिओला, बायकांच्या कोर्टिनाला, मधे डोंगरातला कित्येक तासांचा रस्ता. जिथे ट्रॅक आधीपासून आहे तिथे शर्यत न्यायची, अशी पद्धत येतेय. आपल्याकडे बर्फावरच्या स्केटिंगच्या आणि आइस हॉकीच्या स्पर्धा लेहला होतात आणि स्कीइंग गुलमर्गला, हे खेलो इंडियाने आपोआप बरोबर केलंय.

पण सगळ्यात आधी लागतात माणसं, सह्यवेडा. गेट मोजणारी, जाळी बांधणारी, वेळ नोंदवणारी. प्रत्येक दोन-तीन गेटांमागे एक गेट जज उभा असतो. खेळाडूच्या दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही पाय गेटच्या रेषेवरून गेले की नाही, एवढंच बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. थंडीत चार तास, एकही खेळाडू नजरेतून न सुटू देता, आणि चुकलं तर कागदावर गेटचं चित्र काढून नेमकं कुठून गेला ते दाखवायचं, पंचांपुढे आपल्या शब्दावर ठाम राहायचं. हे काम शिकायला उत्तम स्कीअर असावं लागत नाही. तू पुढच्या हिवाळ्यात इंटरमीडिएटला जाशील तेव्हा चार दिवस आधी जा आणि आयोजकांना विचार, गेटवर माणूस हवा का. नाही म्हणणार नाहीत. कुठल्याच डोंगरावर माणसं पुरी पडत नाहीत.

बर्फ उशिरा आला तर तारखा पुढे सरकतील, तेवढी सवड ठेवून तिकीट काढ. बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात आपल्या रजेचं कॅलेंडर बघत नाहीत. यंदा तू पाहिलंसच.

सह्यवेडा (नाशिक)

ताई, नक्की जाणार. नियमांचं पुस्तक आजच वाचायला घेतो. जलरेषाताई, पाण्याचा हिशेब आमच्या कोर्सच्या ग्रुपवर टाकला तर चालेल का? पैसे ओतले की होतं म्हणणारा मित्र तिथेच आहे.

सुभेदार काका, टंगमर्गला तुमच्या ओळखीचं कुणी आहे का, ज्यांच्याकडे आठ-दहा दिवस राहता येईल आणि शर्यतीच्या लोकांपर्यंत पोचता येईल?

जलरेषा (पुणे)

खुशाल टाका. फक्त पाणी किती लागेल ते थराच्या जाडीवर ठरतं, हे खाली लिहा. अर्धा मीटर धरला तर आकडा निम्मा होतो. आणि स्लॅलमचा ट्रॅक डाउनहिलपेक्षा कितीतरी आखूड, त्याला एक लहान तळंसुद्धा पुरेल. ताईंचा प्रतिसाद वाचून मी तोच हिशेब करत बसले होते.

निवृत्त सुभेदार (वाई)

आहेत. जुन्या पोर्टरचा मुलगा आता स्की शिकवतो, घरात पाहुण्यांना दोन खोल्या आहेत. नंबर खासगी निरोपाने पाठवलाय, माझं नाव सांगा. चिल्लई कलाँ, म्हणजे काश्मीरातले कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, संपल्यावर जा, फेब्रुवारीच्या मध्यात. आणि स्कीचे बूट जमलं तर स्वतःचे घ्या. भाड्याच्या बुटांनी नडगी सोलते आणि मग गेटवर चार तास उभं राहवत नाही.